पाणबुडीचा पुढचा कप्पा

ही घटना खरी आहे. तुम्हाला पटावीच असा माझा आग्रह नाही. मी विज्ञान शिकले आहे, आणि मला स्वतःलाच ती अजून पटलेली नाही. पण ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि तो खोटं बोलत नाही. त्याला खोटं जमतच नाही.

रात्रीची गोष्ट नाही ही. रविवारची सकाळ होती. लख्ख ऊन. पोहण्याच्या तलावाभोवती माणसांची गर्दी.

आणि तरीही...

दादा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर काचा घासायचा आणि घरी येऊन प्लास्टिक घासायचा. त्याला मॉडेलचं वेड होतं. किट आणायचा, पण खोक्यावरच्या चित्रासारखं कधीच बनवायचा नाही. कापायचा, वाढवायचा, बदलायचा. घरात तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत त्याचं टेबल, दुसरीत ताईचं शिलाई मशीन.

दादा सहा फुटांच्या वर. ताई त्याला 'छोट्या' म्हणायची.

"छोट्या, लग्न कर रे. घासायचीच इतकी हौस आहे तर निदान भांडी तरी घासशील."

चहा झाला की ताई मधल्या भिंतीवर बोटातलं अंगुस्तान वाजवायची. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी.

टक टक... टक.

म्हणजे, ये, चहा गार होतोय.

ताईला बंद जागेची भयंकर भीती. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही. बाथरूमला कडी लावायची नाही. कुणी चुकून दार ढकलू नये म्हणून आत मोठमोठ्याने गाणी म्हणायची. सगळ्या मजल्याला कळायचं, ताईची अंघोळ चालली आहे.

दादाची एक सवय होती. प्रत्येक मॉडेलमध्ये तो घरातल्या कुणाची तरी बाहुली बसवायचा. उरलेलं प्लास्टिक मेणबत्तीवर वितळवून केलेली, नखाएवढी. माझी मावशी, म्हणजे त्याची आई, एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी होती. मी एका क्रेनच्या केबिनमध्ये होते, चष्म्यासकट.

पण ताईने त्याला एक नियम घालून दिला होता. बाहुली कोंडायची नाही. ट्रकचं दार किलकिलं ठेवलेलं असायचं. क्रेनचं दार तर नुसतं अडकवलेलं, बोट लावलं की उघडायचं.

मग त्याने पाणबुडी घेतली.

किट नुसतं शोकेसमध्ये मांडून ठेवण्यासाठीचं होतं. दादाला ती खरीखुरी बुडणारी आणि वर येणारी करायची होती. तलावावर स्पर्धा होती, आणि दर वर्षी तिथे एक सरकारी कारकून पहिला यायचा. या वर्षी त्याला हरवायचंच, असं दादाने मनात घेतलं होतं.

त्याने पाणबुडीचे दोन कप्पे केले. मागच्यात मोटर आणि बॅटरी, वर रबरी कडीचं उघडणारं झाकण. पुढचा कप्पा नुसता हवेचा, तरंगण्यासाठी. एकदा बंद केला की पुन्हा उघडायचं कारणच नाही. किटमध्ये पुढे एक गोल झाकण होतं, उघडझाप होणारं. ते त्याने गोंदाने चिकटवलं, फटीत पुट्टी भरली आणि पॉलिशपेपरने असं घासलं की नखालाही जोड लागू नये.

चिकटवण्याआधी त्याने आत एक बाहुली बसवली.

"ताई, पिवळा दोरा दे ना जरासा."

"कशाला रे?"

"दे तर."

रंग झाल्यावर त्याने तिला पाणबुडी दाखवली. "दोरा कशाला हवा होता, सांगू? तुझ्या गळ्यातल्या टेपसाठी. या खेपेला तू आहेस आत."

ताई खूश झाली. "अगं बाई! कुठे बसवलंस मला?"

त्याने पुढच्या कप्प्यावर टिचकी मारली.

"आणि दार?"

"पाणबुडीला कसलं दार? पाणी शिरेल ना."

ताईचं हसू मावळलं.

"काढ मला."

"अगं, प्लास्टिक आहे ते."

"मला कळतं ते. काढ."

"आता करवत लावावी लागेल. सगळं फुकट जाईल. स्पर्धा झाली की काढतो."

ताई उठली आणि खिडकी उघडली.

त्या दिवसापासून घरातली कुठलीच खिडकी बंद झाली नाही. तरी ताई मध्येच शिवण थांबवायची आणि मोठा श्वास घ्यायची.

"हवा शिळी वाटते रे."

डॉक्टरांनी तपासलं. छाती स्वच्छ. म्हणाले, दगदग कमी करा.

एका संध्याकाळी ताई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. दादा एकटाच होता.

टक टक... टक.

तो सवयीने उठला. शेजारच्या खोलीत गेला. मशीन बंद... खुर्ची रिकामी...

टक टक... टक.

आवाज त्याच्या पाठीमागून येत होता. फळीवरून.

त्याने पाणबुडी उचलून कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. मॉडेल करणाऱ्याला हा आवाज ओळखीचा असतो. आतला एखादा भाग सुटला की तो असाच वाजतो. बाहुली सुटली असणार. त्याने रंगावरून बोट फिरवलं. काय सफाई होती! कापली तर या वर्षीही तो कारकूनच.

त्याने ती परत फळीवर ठेवली आणि रेडिओ मोठा केला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ताई त्याच्या दारात उभी राहिली. ओठ जरा निळसर दिसत होते.

"छोट्या, काप ना रे."

"ताई, उद्या. उद्या संध्याकाळी तुझ्यासमोर कापतो. शपथ."

"उद्या पाण्यात घालणार ना तू मला?"

"वेडी आहेस का? परवा बादलीत बुडवून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. तुला काही झालं?"



"परवा माझ्या कानांना दडे बसले होते," ती म्हणाली. "तू हसशील म्हणून बोलले नाही."

तो हसला नाही. पण त्याने कापलीही नाही.

रविवारी सकाळी तो निघाला तेव्हा ताई गच्चीवर जात होती. हातात खुर्ची. उघड्यावर बसते म्हणाली.

तलावावर दादाची पाळी आली. पाणबुडी सुरेख चालली. पुढे गेली, वळली, मग नाक खाली करून अलगद बुडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या...

टक टक... टक.

पाण्यातून आवाज लांब जातो. काठावर सगळ्यांना ऐकू आला.

"मोटर ठोकतेय का हो?" परीक्षकांनी विचारलं.

"गिअर सैल आहे," दादा म्हणाला.

त्याच्या बोटाशी रिमोटचं बटण होतं. दाबलं असतं तर पाणबुडी वर आली असती. पण ती तळाशी ठरलेला वेळ राहिली तरच पूर्ण गुण होते.

टक टक. टक टक. टक टक टक टक...

मग ठोके राहिले नाहीत. नुसतं खरवडणं.

मग तेही थांबलं.

"आवाज थांबला तेव्हा मला हायसं वाटलं," दादाने मला सांगितलं. त्याच शब्दांत.

तो पहिला आला. कारकुनाने येऊन त्याचा हात हातात घेतला. कप घेऊन तो घरी पोचला तेव्हा जिन्यात माणसं उभी होती.

ताई गच्चीवर खुर्चीत होती. मोकळं आभाळ. आजूबाजूला वाळत घातलेले कपडे वाऱ्याने फडफडत होते. शेजारीण म्हणाली, "मला वाटलं, डुलकी लागली असेल."

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कुठे कोंडल्या गेल्या होत्या या?"

कुणालाच प्रश्न कळला नाही.

"हवा न मिळाल्याने गेल्या आहेत. कुठे अडकल्या होत्या?"

"इथेच होत्या हो," शेजारीण म्हणाली. "गच्चीवर."

ताईची नखं तुटलेली होती. बोटातलं अंगुस्तान चेपून चपटं झालं होतं.

मी दुपारी पोचले. दादा टेबलाशी होता. माझ्यासमोर त्याने करवत लावली. त्याचा हात जराही हलला नाही. झाकण निघालं.

आत कोरडं होतं. पाण्याचा थेंब नाही.

झाकणाची आतली बाजू पांढरी पडली होती. ओरखड्यांवर ओरखडे, केसासारखे बारीक.

बाहुली झाकणाच्या बरोबर खाली उभी होती. दादाने ती बसलेली केली होती, हात मांडीवर ठेवलेली. आता हात वर होते. किंवा जे उरलं होतं ते. पंजे नव्हते. मनगटापर्यंत झिजले होते.

दादाने ती उचलून उघड्या खिडकीत ठेवली. पिवळा दोरा नीट केला. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "शपथ घेतली होती मी. संध्याकाळी कापतो म्हणून. अजून संध्याकाळ झाली नाही ना गं?"



त्यानंतर त्याने हे सगळं सोडलं. किट, रंग, गोंद कचऱ्यात टाकलं. तयार मॉडेलं रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. ट्रक, जहाजं, सगळी.

क्रेनसुद्धा.

मी भंगारवाल्याकडे गेले होते. म्हणाला, क्रेन कुणीतरी लगेच उचलली. कोण, ते त्याला आठवत नाही. "छान होती हो," तो म्हणाला. "फक्त दार तेवढं सैल होतं. घेणारे म्हणाले, घरी जाऊन चिकटवतो."

याचा काही अर्थ लावू नये, हे मला कळतं. शिकलेली आहे मी.

हे लिहिते आहे तेव्हा दुपार आहे. खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या आहेत. पडदा हलतोय, म्हणजे वारा आहे.

पण सकाळपासून...

हवा जरा शिळी वाटते आहे.