रिकाम्या गाडीचं वजन

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, आणि स्वतःही चौथीपुढे शिकले नव्हते. त्यांना मास्तर म्हणायचे ते खिशातल्या खडूमुळे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी जनावरांचा ट्रक चालवला. बाजारातून जनावरं भरायची आणि लांबलांबच्या दूधवाल्यांच्या गोठ्यांवर उतरवायची, हा धंदा. भरताना जितकी चढली तितका आकडा ड्रायव्हरच्या दाराला आतून खडूने लिहायचा आणि शेवटचा खूर खाली टेकला की पुसायचा. पण पुसण्याआधी ड्रायव्हरने स्वतः गाडीत डोकावून बघायचं. गोठ्यावरचा माणूस देवाची शपथ घेऊन सांगो, आपण बघितल्याशिवाय पुसायचं नाही. त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांचा हा नियम होता आणि मास्तर तो सर्वांत जास्त पाळायचे, असं सर्वांत जास्त वेळा मास्तरच सांगायचे.

"सिमेंट कुणीही वाहील," ते चहाच्या टपरीवर नवख्या ड्रायव्हरांना ऐकवायचे. "सिमेंटला पाय नसतात."

हे मात्र खरं होतं. पोत्यांचं ओझं गाडीबरोबर कलतं. जनावरांचं ओझं गाडीच्या मागून, क्षणभर उशिरा कलतं, कारण ती आधी पाय रोवतात आणि मग झुकतात. म्हणून वळण यायच्या आधीच गाडी हळू करायची. ब्रेक इतक्या लांबून लावायचा, की आतल्या जनावराला कळूही नये. खाली वाळू आणि त्यावर पेंढा पसरायचा, म्हणजे खूर घसरत नाहीत. आणि दर तासाला थांबायचं. गाडीत बसलेलं जनावर उठलं नाही तर बाकीची त्याला तुडवतात. म्हणून खाली उतरून फळ्यांवर तळहात मारत गाडीभोवती एक फेरी घालायची आणि आतून खुरांचा आवाज येतो का ते ऐकायचं. मास्तर नुसत्या आवाजावरून सांगायचे, मधली तांबडी दमलीय म्हणून. त्यांच्या गाडीत एकही जनावर कधी मेलं नाही. हे ते छाती पुढे काढून सांगायचे, आणि त्यांचा तो हक्कच होता.

नियम एकदाच मोडला, चौतीस वर्षांपूर्वी.

त्या दुपारी एका गोठ्यावर अकरा कालवडी उतरत होत्या. अर्ध्या उतरल्या असतील नसतील, तोच गोठ्याच्या कचेरीत फोन आला. बायको बाळंत झाली होती. मुलगी होती, पण ती रडत नव्हती, हालचालही करत नव्हती, लवकर या. मास्तर फोन ठेवून धावत आले तोवर गोठ्याचा मुकादम कागदावर सही करून उभा होता. अकरा उतरल्या, म्हणाला. मास्तरांनी बाहीने आकडा पुसला, गाडीचा मागचा फाळका वर केला, आणि आत न बघता गाडी काढली.

पहिल्याच वळणावर गाडी कलली, आणि मग, क्षणभर उशिरा, मागे डाव्या कोपऱ्यात काहीतरी कललं.

ते थांबले नाहीत. कोण थांबेल? दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा पोरीच्या रडण्याचा आवाज जिन्याखाली ऐकू येत होता. नर्स म्हणाली, आत्ताच रडली. त्यांनी पोरीला बघितलं, बायकोला बघितलं, आणि मग खाली येऊन फाळका उघडला. गाडी रिकामी होती. मुकादमाला फोन केला तर त्याच्याकडे बरोबर अकरा कालवडी. बाजारातून अकराच निघाल्या होत्या, पोचल्याही अकराच. एकही हरवली नव्हती. मग मागे कललं ते काय, याचा हिशेब कुठे लागेना.

दुसऱ्या दिवशीही ते कललं, आणि त्यानंतर रोजच. दर तासाच्या थांब्याला फळीवर तळहात मारला की रिकाम्या गाडीतून खुरांची एक हालचाल ऐकू यायची. चार पावलं, मग शांत. बारा जनावरांची गाडी, पण बाजारात भरताना आलेली जनावरं दाटीवाटीने एकमेकांना रेटून उभी राहायची आणि मागचा डावा कोपरा मोकळा सोडायची. चाबूक दाखवला तरी तिकडे सरकायची नाहीत. मास्तरांनी वर्षभर प्रयत्न करून बघितला आणि मग सोडून दिला. तेव्हापासून त्यांनी अकराच्या वर जनावर भरलं नाही.

त्यांना भीती वाटली का? मुळीच नाही. त्यांना राग आला. आपण बघितलं नाही ही आपली चूक, ती कबूल. पण गाडीत आहे म्हटल्यावर ते आपलं. पोचेपर्यंत जनावर ड्रायव्हरचं असतं, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला, आणि चौतीस वर्षं रिकाम्या गाडीलाही दर तासाला थांबवून फेरी घातली. ड्रायव्हर लोक हसायचे. मास्तर त्यांना खुशाल हसू द्यायचे.

लेकीला हे माहीत नव्हतं. ती मोठ्या शहरात तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. रक्तात काय आहे आणि काय नाही याचे रिपोर्ट लिहायची. आई गेल्यावर ती महिन्यातून एकदा यायची, डबे भरून ठेवायची आणि बाबांशी भांडायची. गेल्या महिन्यात ती त्यांच्याबरोबर गाडीतून निघाली होती. गाडी रिकामी, आणि बाबा रस्त्याच्या कडेला थांबले, उतरले, फळीवर हात मारून म्हणाले, "ऊठ गं." परत येऊन बसले, जणू काही झालंच नाही.

त्या आठवड्यात तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने त्यांना आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मास्तरांनी घड्याळ काढलं आणि वर चावी द्यायची जागाही काढली. डॉक्टर म्हणाले, तसं सगळं ठीक आहे, पण नसलेलं ऐकू येत असेल तर एकट्याने राहू नये. गाडी तर चालवूच नये.

"लायसन्स द्या माझ्याकडे," लेक घरी येऊन म्हणाली. "आणि सामान बांधा. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

"तुझ्या खोलीतून रस्ता दिसतो का?"

"बाबा, विषय बदलू नका."

"मग गाडीचं काय?"

"तिचं फिटनेस संपलंय. भंगारात जाईल."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. तिला सगळं सांगितलं, पोर न रडल्याचं तेवढं सोडून. तिने ते ऐकून घेतलं, आणि ऐकून घेताना तिचे डोळे भरून आले, तेव्हा मास्तरांना कळलं की ती त्यांना वेडा समजतेय.

"भंगारवाल्याकडे काटा आहे," ते म्हणाले. "अख्खा ट्रक तोलायचा. जनावरं मोजून जातात, तोलून नाही, म्हणून ही गाडी चौतीस वर्षांत काट्यावर चढलेली नाही. दारावर रिकामं वजन रंगवलंय, पाच हजार दोनशे चाळीस. तेवढंच भरलं तर गाडी तिथेच सोडतो, लायसन्स तुझ्या हातात देतो, आणि तुझ्या खोलीत येऊन मुकाट बसतो."

"आणि नाही भरलं तर?"

"तर डॉक्टरचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. मी इथेच राहणार, एकटा, मरेपर्यंत."

लेकीने डोळे पुसले. "कबूल," ती म्हणाली. जिंकणार याची तिला खात्री होती.

भंगाराचं आवार गावाबाहेर होतं. उन्हात दरवाजे, चाकं, बसची पत्र्याची छतं यांचे ढीग तापत होते. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी ओटा आणि शेजारी टपरीएवढी खोली. खोलीच्या माथ्यावर लाल आकड्यांची पाटी. काटेवाला पान चघळत बाहेर आला. मास्तरांनी गाडी ओट्याच्या मागच्या कडेपर्यंत नेमकी आणून लावली आणि खाली उतरले. लेक केबिनमध्येच बसून राहिली. उन्हाने तिचं डोकं दुखत होतं.

"बसू दे ताईंना," काटेवाला म्हणाला. "साठ किलो वजा करू."

पाटीवर आकडे धावले. पाच हजार पाचशे ऐंशी. पाच हजार पाचशे साठ. सहाशे. पाचशे सत्तर.

"इंजिन बंद करा, काका."

"बंदच आहे."

काटेवाल्याने कान देऊन ऐकलं. इंजिन बंद होतं. आकडा हलतच होता.

"साठ ताईंचे काढले तरी दारावरच्या आकड्याहून अडीचशे-तीनशे जास्त," तो म्हणाला. "आत काय ठेवलंय? दगड?"

"बघून ये."

तो मागच्या चाकावर चढून फळ्यांवरून डोकावला. उतरला. चाकांखाली वाकून बघितलं. ओट्याभोवती फिरला. खोलीत जाऊन काट्याचं कसलंसं बटण दाबून आला. आकडा थांबेना.

"दगड ठेवला की काटा थांबतो," तो हळू म्हणाला. पान चघळणं थांबलं होतं. "असा हलतो तो फक्त जिवंत माल असला की. आमच्याकडे शेळ्यामेंढ्यांच्या गाड्या येतात ना, तेव्हा."

मास्तरांनी केबिनकडे मान वळवली. लेक खिडकीतून पाटीकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पोरीला असं हरवल्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. चौतीस वर्षं लोक हसले होते.

ते तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पैज जिंकली होती. पण मास्तर जिंकून थांबणाऱ्यातले नव्हते. आणि चूक अजून तशीच होती. जे जनावर उतरवायचं राहून गेलं ते आज उतरवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

त्यांनी फाळका खाली सोडला. उतरायची फळी ओढली. तिचं टोक काट्याबाहेर मातीवर टेकलं.

"चल बाई," ते म्हणाले. तळहाताने फळीवर तीनदा थापटलं. "आलं घर."

वारा नव्हता. फळी मध्यावर किंचित वाकली, आणि पुन्हा सरळ झाली.

आकडा उतरू लागला. पाच हजार चारशे पन्नास. तीनशे वीस.

दोनशे चाळीस.

आणि तिथे थांबला. अगदी निश्चल.

"आता बरोबर," काटेवाला म्हणाला. त्याने कागद पुढे ओढला. "पाच हजार दोनशे चाळीस. वजा ताईंचे साठ..."

त्याचं पेन थांबलं.

"दारावर नक्की किती लिहिलंय, काका?"

"पाच हजार दोनशे चाळीस."

"रिकामी?"

"रिकामी."

काटेवाल्याने केबिनकडे पाहिलं. लेक तिथेच बसली होती. काचेला टेकून. डोळे मिटलेले.

"मग ताई कुठे आहेत?" त्याने विचारलं, आणि स्वतःच्याच प्रश्नाला घाबरून दोन पावलं मागे सरला.

मास्तरांना ती दुपार आठवली: आधी मागे ते कललं, मग पोर रडली. ते वळले. समोर आवार होतं, ऊन होतं, पत्रे होते. मातीत फळीच्या टोकापासून पुढे काही उमटत चाललं होतं. दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते ते, आणि त्यांना घाई नव्हती.

मास्तर त्याच्यामागे गेले नाहीत. फळीच्या टोकाशी पाय रोवून उभे राहिले.

"ए," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "कागदावर सही मी केलेली नाही."

उमटणं थांबलं.

"चौतीस वर्षं वाहिलंय तुला. दर तासाला उतरलोय तुझ्यासाठी. पोचेपर्यंत माझं, आणि पोचलं की नाही ते मी ठरवणार. तू नाही, आणि ज्याने कुणी पाठवलं असेल तोही नाही. चढ वर."

बराच वेळ काही झालं नाही. त्यांनी पाय हलवला नाही.

फळी वाकली.

पाच हजार तीनशे. पाचशे दहा. पाचशे ऐंशी. पाचशे सत्तर. पाचशे नव्वद.

मास्तरांनी फळी आत ढकलली आणि फाळका लावला. दोन्ही बाजूंच्या कड्या घातल्या. त्या लागल्यात की नाही ते हाताने ओढून पाहिलं. काटेवाला लांबून बघत होता.

"गाडी विकायची नाही," मास्तर त्याला म्हणाले.

त्याने हात जोडले.

केबिनमध्ये लेक जागी होती. तिने आपले हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले, मग गार वाटल्यासारखे एकमेकांवर चोळले. मास्तरांनी इंजिन चालू केलं. गाडी आवाराच्या फाटकाबाहेर पडली.

"लायसन्स राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली.

"राहणारच आहे."

"एक सांगू, बाबा?" ती समोर रस्त्याकडे बघत होती. "मघाशी तुम्ही 'आलं घर' म्हणालात ना, तेव्हा मी उठलेच होते. आणि कुठे जायचं, ते मला माहीत होतं."