शुगरची गोळी

धाकट्याच्या त्या पत्राला थोरल्यानं कधी उत्तरच दिलं नव्हतं. "दादा, आईच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या! तू काय पुस्तकात तोंड खुपसून बसला होतास? आईला तू मारलंस..." यावर काय लिहिणार? खरं लिहिणं त्याच्या हाती राहिलंच कुठे होतं!

आईचा पाय काळा पडला, तेव्हा त्या साठलेल्या गोळ्या प्रथम त्यालाच दिसल्या होत्या.

"आई, अगं हे काय केलंस?"

"धाकट्यानं पाठवलीय ना शुगरची गोळी!" चहात टाकायच्या गोड गोळ्यांची डबी दाखवत ती निरागसपणे हसली. "फोनवर बजावलंन, शुगरची गोळी चुकवू नकोस. डॉक्टरची तीही शुगरचीच. दोन-दोन कशाला रे? ही गोड तरी लागते मेली!"

एकाच नावाच्या दोन गोळ्या... त्यानं समजावून सांगितलं, तेव्हा ती ढसाढसा रडली. स्वतःसाठी नव्हे!

"त्याला कळू देऊ नकोस. लेकरू जन्मभर जळत राहील. तू सोसशील... थोरला आहेस."

आई गेली. तो सोसत राहिला.

आणि आज धाकट्याच्या बायकोचा फोन! "दादा, यांनाही शुगर निघालीय. डॉक्टरांच्या गोळ्यांना हात लावत नाहीत. म्हणतात, साखर बंद केली, चहात गोळी टाकतो, आणखी काय हवं? मी बोलले की म्हणतात, तू कधीपासून डॉक्टर झालीस? तुम्ही लिहा ना! तुमच्यावर कितीही रागावले, तरी तुमचं अक्षर दिसलं की वाचतील..."

त्यानं खरं तेच लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. गप्प राहावं तर भाऊ जाणार, बोलावं तर आईचा शब्द! शेवटी डोळे पुसत त्यानं नवा कागद ओढला.

"तुझं खरं आहे. चूक माझीच. चहातली गोड गोळी म्हणजेच औषध, असं मी अडाणी समजलो आणि आईची औषधं बंद केली; उरलेल्या गोळ्या तिनं अभ्र्यात ठेवल्या. ती गोळी नुसती साखरेऐवजी असते रे, रक्तात वाढलेली साखर ती उतरवत नाही. मला क्षमा करू नकोस हवं तर, पण डॉक्टरांची गोळी आजपासून घे."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तो बराच वेळ घुटमळला. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "आजोबा, टाकताय ना?"

"हो हो... टाकतो," तो ओशाळून म्हणाला, आणि त्यानं पाकीट पेटीत सोडून दिलं.