आत्याच्या सफरीची रंगीत तालीम

सहलींच्या कचेरीची दर्शनी काच तडकली आणि ती बदलायला तो आला. नवी काच बसवून बाहेरच्या बाजूने तो पुसत होता, आतल्या बाजूला ती टेबलावरचे कागद आवरत होती. काच इतकी लखलखीत झाली की मध्ये काही आहे असं वाटेचना. त्याने वर पाहिलं. तिने पाहिलं. मग दोघांनीही एकदम नजर वळवली – त्याने फडक्याकडे, तिने कॅलेंडरकडे.

काम संपल्यावर तो आत आला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या जहाजाच्या चित्रापुढे उभाच राहिला.

"हे कुठं जातं?"

"बाल्टिक समुद्रात. तिकडे वर, उत्तरेला. उन्हाळ्यात तिथला सूर्य मावळायचं नाव घेत नाही."

"अरेच्चा! हा तर आत्याचा समुद्र!"

त्याची आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. परदेशातले फोन जोडून द्यायचं तिचं काम. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता, पण बोलण्याच्या मागे जे वाजायचं ते कानावर पडणारच की! उत्तरेच्या बंदरांतून फोन आला की मागे जहाजांचे भोंगे, पक्ष्यांचा कलकलाट... आणि एकदा कुणीतरी म्हणालं होतं, "रात्र झालीय, पण इथे अजून ऊन आहे." तेवढं एक वाक्य आत्याने उराशी धरून ठेवलं होतं. आईवडील गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं. आता ती निवृत्त झाली होती, आणि हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"त्याआधी तिला न्यायचंय," तो म्हणाला. "पण विचारायचं कुणाला, तेच कळत नव्हतं."

"मला विचारा ना," ती चटकन म्हणाली... आणि आपल्याच घाईला लाजली.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः हजर.

"तू गप्प बस रे ठोंब्या, मी बोलते. बाई, माझा गुडघा असा आहे. झेपेल का मला?"

"ते चालून बघितल्याशिवाय कसं सांगू? चला, बाहेर या."

तिची कामाची पद्धतच तशी होती. जहाज सकाळी बंदराला लागतं, माणसं शहर बघायला उतरतात, आणि संध्याकाळी जहाज सुटतं. वेळेवर परतला नाहीत तर ते तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून कचेरीसमोरचं बाक म्हणजे तिचं जहाज. तिथून बाजारातून, दगडी चढावरून, पुलापर्यंत जायचं आणि मनोऱ्यावरच्या घड्याळात पाच वाजायच्या आत बाकावर येऊन बसायचं.

"तिथल्या टॅलिन बंदराचे जुने रस्ते असेच दगडी आणि चढाचे आहेत," तिने समजावून सांगितलं. "इथे जमलं, तर तिथे जमेल."

"हुकूम, कप्तान!" आत्या म्हणाली. तेच नाव पुढे चिकटलं.

मग रोज दुपारी तिघांची तालीम सुरू झाली. आत्या काठी टेकत पुढे, ही दोघं मागे.

"हा समुद्र इतरांएवढा खारट नसतो," ती एकदा म्हणाली.

"का? स्वभावाने गोड आहे?"

"नद्या पुष्कळ येऊन मिळतात त्याला."

"नशीबवान आहे... आम्हाला एखादीसुद्धा मिळत नाही."

"कुठे वाट अडली असेल हो एखाद्या नदीची!"

पुढून आत्या ओरडली, "अरे, चालताय की रांगताय?"

तिसऱ्या आठवड्यात आत्या न थांबता चढ चढू लागली. बेत ठरला, बंदरं ठरली. पण तिकीट काही निघेना. रोज त्याला नवी शंका यायची. खिडकी डावीकडे बरी की उजवीकडे? स्टॉकहोमच्या अलीकडची हजारो बेटं कुठल्या बाजूने जास्त दिसतील? आणि ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "बघून सांगते. दोन दिवस द्या."

अशात एका सकाळी तिने कॉम्प्युटर उघडला आणि उरलेल्या जागांची यादी पुन्हा पुन्हा तपासली.

दोघं आली तेव्हा ती उभीच होती. "आत्या... दोघांच्या खोल्या संपल्या. एकच उरलीय, एकट्या माणसाची. उन्हाळ्यातली ही शेवटची फेरी. चूक माझी आहे. मी आधीच जागा धरून ठेवायला हवी होती."

"तिची नाही, माझी," तो मध्येच म्हणाला. "सगळं कधीच ठरलं होतं, आत्या. मला त्या खिडकीचं काय पडलं होतं? पण तिकीट निघालं की... इथे यायला कारण काय सांगणार होतो?"

ती खाली बघत म्हणाली, "आणि खिडकीचं उत्तर मला तिथल्या तिथे माहीत असायचं. तरी मी दोन दिवस मागून घ्यायची."

आत्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"म्हणजे इकडे तुमचं जमत होतं, आणि तिकडे माझी बोट भरत होती!"

हसलं कुणीच नाही. आत्या भिंतीवरच्या जहाजाकडे वळली. तिचा आवाज बारीक झाला. "मला सांगायचं होतंत रे. मी आणखी दहा फेऱ्या मारल्या असत्या, तुम्हाला बोलू दिलं असतं. बोट कशाला घालवलीत?"

तिने चित्रातल्या जहाजाच्या खिडक्यांवरून नजर फिरवली. मग आत्याने विचारलं, "त्या एकटीच्या खोलीला खिडकी आहे?"

"आहे."

"मग मी जाते."

"एकटी?" तो उडालाच. "मुळीच नाही! तुला मी नेणार होतो."

"तू नेणं महत्त्वाचं, की मी जाणं?" आत्याने काठी उचलली. "हे बघ. आज पुलापर्यंत मी एकटी जाते. पाचच्या आत आले तर तिकीट. नाही आले तर तो विषय संपला. आणि माझ्या मागे यायचं नाही!"

ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. दोघं बाकावर बसली... मध्ये आणखी एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. जरा वेळाने तो उठला.

"बघून येतो. चढावर पाय घसरला तर?"

तिने त्याची बाही धरली. "नका जाऊ. तुम्ही गेलात, तर ती फेरी त्यांची राहणार नाही."

तो बसला. अंतर थोडं कमी झालं.

"नाही आली तर?"

"तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"आणि मला?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "तुम्ही समोर आलात की मला त्यांची हुकलेली बोट आठवेल. तुम्हालाही आठवेल. नाही का?"

त्याने बाहीवरचा तिचा हात अलगद आपल्या खरखरीत, काचेच्या बारीक ओरखड्यांनी भरलेल्या हातात घेतला, आणि तिने तो काढून घेतला नाही. दोघंही घड्याळाकडे बघत होती. काटा भराभर पुढे सरकत होता, आणि कोपरा रिकामाच होता...

काठीचा आवाज आधी आला. मागून आत्या. लंगडत, घामाघूम, एका हातात आइस्क्रीमचा कोन. ती धपकन बाकावर बसली आणि वर मनोऱ्यात ठोके पडू लागले.

"चढले बाई बोटीवर!" तिला धाप लागली होती. "पूल गाठला, आइस्क्रीमवाल्याशी गप्पा मारल्या, म्हणून जरा घाई झाली." मग तिचं लक्ष त्या दोन हातांकडे गेलं. "कप्तान, आधी तिकीट काढ. हात मग धरा. ही बोट घालवायची नाही!"

ती धावतच आत गेली.

तिकीट घेऊन बाहेर आली, तेव्हा बाकावर तो एकटाच होता.

"आत्या कुठे गेल्या?"

"आणखी एक फेरी मारायला. म्हणाली, या बंदरात खूप बघण्यासारखं आहे, लवकर काही परतत नाही."

आणि तिला बसायला जागा करून देत तो थोडा सरकला... अगदी थोडाच.