दोनातोची बाजू

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. त्या टेबलाशी सात माणसं बसली होती. त्यातली चार अजून जिवंत आहेत. जाऊन विचारा.

आणि रात्रबित्र नव्हती. भरदुपार होती. १९७१ चा फेब्रुवारी, रविवार. कास्तेल्फोस्को गावातली माझ्या थोरल्या जावेची, एर्सिलियाची, खाणावळ.

बाहेर गुडघाभर बर्फ.

हिवाळ्यात रविवारी तिथे ताटं मांडत नाहीत. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा टेबलभर लाकडी फळीवर ओततात. वर टोमॅटोचा रस्सा, मधोमध एकच सॉसेज. ज्याने त्याने आपल्या कडेपासून खात आत जायचं. दुसऱ्याच्या हद्दीत काटा घालायचा नाही. आधी मध्यावर पोचेल त्याचं सॉसेज.

एर्सिलियाचा मुलगा दोनातो दरवेळी आधी पोचायचा. इतर पसरट उकरायचे. हा नांगराच्या तासासारखी सरळ, अरुंद वाट काढायचा. आणि सॉसेज स्वतः खायचा नाही, आईच्या बाजूला ढकलायचा. कारण ही बाई सगळ्यांना वाढणार आणि स्वतः उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकणार.

त्या रविवारच्या दोन वर्षं आधी तो तोरिनोला कारखान्यात जायला निघाला. एर्सिलियाची जीभ म्हणजे सुरी.

"जा. पण या फळीवर तुझी बाजू आता राहणार नाही."

त्याची खुर्ची तिने माळ्यावर टाकली. त्याची पत्रं आली. तिने उघडली नाहीत.

त्या रविवारी तिने घाटा ओतला आणि पाहिलं... चुलीजवळ, दोन माणसांच्या मधे, एक जागा रिकामी.

"सरकून बसा की! मधे काय तुमची सासू बसणार आहे?"

"सासू आली तर घाटा सोडून पळेन मी, एर्सिलियाबाई," पोस्टमन ओरेस्ते म्हणाला.

सगळे हसले. सरकलेही.

जागा तेवढीच राहिली.

मग सगळे खायला लागले. नुसते काटे वाजत होते.

सात काटे... आणि आठवा.

ओरेस्तेने आपला काटा खाली ठेवला. एकेक करत सगळ्यांनी ठेवले.

एक वाजतच राहिला.

रिकाम्या जागेपुढचा घाटा कमी होत होता. कडेपासून आत... सरळ... अरुंद.

वाट मध्यावर पोचली. सॉसेज हललं... आणि हळूहळू एर्सिलियाच्या बाजूला आलं.

तिचे ओठ थरथरले. मी पाहिले. पण लगेच मान ताठ झाली. तिने धाडकन दार उघडलं.

"आलायस ना? मग समोर ये! तुकडा ढकलून आईला पटवतोस होय?"

बाहेर नुसता बर्फ. एक पाऊल उमटलेलं नाही.

ती परत आली. डावाने सॉसेज पुन्हा मध्यावर लोटलं.

"आधी माफी माग. मग खाईन."

आम्ही वाट पाहिली.

काटा पुन्हा वाजला नाही...

तासाभराने फादर बर्फ तुडवत आले. टोपी हातात.

"एर्सिलिया, खाली बस, बाई."

"उभीच ऐकते. सांगा."

दोनातो घरी यायला निघाला होता. डोंगरातल्या वळणावर बस दरीत गेली. साडेबारा वाजता, आम्ही फळीशी बसलो त्याच्या जरा आधी.

त्याच्या कोटाच्या खिशात एक काटा सापडला. घरचा. जाताना नेलेला.

एर्सिलिया रडली नाही. तिने ते गार झालेलं सॉसेज उचललं, तोंडात घातलं. चावत राहिली. गिळवेना.

संध्याकाळी तिने मला त्याची पत्रं वाचायला लावली. अकरा होती.

पहिली ओळ प्रत्येकाची एकच. "आई, माझं चुकलं."

खुर्ची माळ्यावरून खाली आली. पुढचे चौदा हिवाळे, दर रविवारी, एर्सिलिया त्या खुर्चीसमोर बसायची. हो, बसायची. उभी जन्मभर राहिलेली बाई.

"ढकल रे दोनातो. ही बघ, बसलेय. खाते मी."

घाटा थिजून जायचा. त्या बाजूची कड पुन्हा कधी हलली नाही.

आता तीही गेली. फळी मी घासते. रविवारी त्याचा काटा त्याच्या जागेवर ठेवते. संध्याकाळी उचलते, तेव्हा कोरडाच असतो.

तरी धुण्याआधी नाकाशी धरते...

रस्स्याचा वास येतो का, ते बघायला.