तीन शब्दांचा दम

"तिच्याबरोबर? मी?... त्यापेक्षा हे वजन अंगावर घेऊन जन्मभर बसून राहीन मी!"

थोरलीने पायातले नवेकोरे बूट काढून भिरकावले. एक दाराशी पडला, दुसरा शिलाईच्या मशीनखाली गेला. तिचा नवरा आरशासमोर दाढी करत होता. त्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"अगं, पण झालं काय?"

"झालं काय म्हणून विचारता? दवाखान्याच्या मैदानावर चाळीस बायका! मोजून चाळीस! त्यातून माझी जोडी लावली ती कुणाशी, तर तुमच्या भावजयीशी!"

वस्तरा गालावरच थांबला. नऊ वर्षं झाली होती, या घरात धाकट्या जावेचा विषय कुणी काढला नव्हता.

त्या दवाखान्यात वजनदार माणसांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग चालला होता. अर्ध्यांनी एकाच संथ चालीने चालायचं, अर्ध्यांनी तीन मिनिटं झपाझप आणि तीन मिनिटं सावकाश. आधी आणि शेवटी रक्त तपासायचं. थोरलीची साखर अगदी काठावर आली होती. शाळेच्या गणवेशांच्या दुकानात दिवसभर मशीनवर बसून दुसऱ्यांच्या कमरा सैल करता करता तिची स्वतःची कंबर कधी सुटली, ते तिलाही कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "नुसतं वजन नाही हो हे. जादा चरबीमुळे शरीरात मंद आचेवर सतत काहीतरी धुमसत राहतं. रक्तातले शिपाई त्या खोट्या आगीमागे धावून दमतात, आणि खरी आग लागते तेव्हा पेंगत असतात. कोणत्या चालीने ही आच जास्त विझते, तेच आम्हाला बघायचंय." ते ऐकताना थोरलीच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा पाय आला होता... ती न भरणारी जखम, ती साखर, तो शेवटचा आठवडा! म्हणून तर ती बूट विकत घेऊन मैदानावर गेली होती.

आणि चिठ्ठीत आली झपाझप चाल, जोड्या लावल्या वजनावरून. दोघी जावांचा काटा नेमका चौऱ्याऐंशीवर थांबला. वजन तंतोतंत सारखं, आणि आपसात छत्तीसचा आकडा! धाकटीला सासूबाई लाडाने चिमणी म्हणायच्या. ती या घरात आली तेव्हा होतीही तशीच. आता वीजबिलाच्या खिडकीमागे बसून बसून ती चिमणी चौऱ्याऐंशी किलोंची झाली होती.

"जोडी बदलून माग," नवरा म्हणाला.

"मागितली! ती शिट्टी वाजवणारी बाई ऐकेल तर शपथ! म्हणते, जोडी मोडली तर दोघींची नावं कमी."

तिने मशीनखालून बूट ओढून काढला. साखर काही जाऊबाई बघून चढत नाही, हे तिलाही कळत होतं.

शिट्टीबाईंचा नियम सोपा होता. सावकाश चालताना जोडीदारणीने प्रश्न विचारायचा, दुसरीने सलग वाक्यात उत्तर द्यायचं. झपाझप चालताना मात्र एका दमात तीनच शब्द निघाले पाहिजेत. "चौथा शब्द निघाला, तर तुम्ही मला फसवताय! आणि गाता येत असेल, तर तो व्यायामच नव्हे!" त्या ओरडायच्या.

म्हणजे बोलणं भागच होतं... आणि बोलायचं तर नव्हतं! पहिल्या दिवशी दोघी तोंडात मिठाची गुळणी धरून चालल्या. शिट्टी कानाशी येऊन किंचाळली तेव्हा धाकटीने समोर बघत एकदम सुरू केलं, "बे एके बे!" थोरलीने तितक्याच ठसक्यात उत्तर दिलं, "बे दुणे चार!" सासरे गणिताचे मास्तर. त्यांच्या घरात नांदलेल्या सुनांना पाढ्यांची काय कमतरता? पहिल्या आठवड्यात दोघी बाराच्या पाढ्यापर्यंत पोचल्या, दुसऱ्यात एकोणिसाच्या. मैदानावरच्या बायका हसून हसून दुमडत होत्या. या दोघी मात्र एकमेकींकडे ढुंकून बघत नव्हत्या.

मनातून थोरली रोज तिथेच जायची, नऊ वर्षांमागच्या त्या संध्याकाळी. गणवेश पोचवायला निघताना तिने धाकटीला बजावलं होतं, "सातला आईंना इन्सुलिन दे हं." धाकटीला सातवा महिना होता. त्याआधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. ती लवंडली ती झोपूनच गेली. पहाटे सासूबाई शुद्धीवर नव्हत्या, आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाची पाळी होती?" थोरलीने धाकटीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पोटावर होते, आणि ओठ पांढरे पडले होते...

"माझी," थोरली म्हणाली.

त्या एका शब्दाने तिचं घर गेलं! मास्तरांनी तिच्या हातचं पाणी वर्ज्य केलं. नवरा तिचा हात धरून बाहेर पडला, पण खरं तिने त्यालाही सांगितलं नाही. धाकटीने त्या दिवसापासून तिच्याकडे पाहिलं नाही, बोलली नाही. कृतघ्न! मशीनवर बसून गुणगुणायची थोरलीची सवयही तेव्हाच गेली; कान देऊन ऐकायला सासूबाईच उरल्या नव्हत्या. तिला आता फार काही नको होतं. फक्त एकदा, मरण्याआधी एकदा, बाबांनी तिच्या हातून पाणी प्यावं, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात ईर्ष्या पेटली. धाकटी पुढे गेलेली थोरलीला खपेना! सावकाशीची तीन मिनिटंही ती धावतच सुटली, संध्याकाळी चोरून आणखी चार फेऱ्या मारल्या, आणि पाचव्या दिवशी तापाने फणफणली. आठवडाभर अंथरूण सुटलं नाही. परत आली तेव्हा शिट्टीबाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं, "विसावा हा व्यायामाचाच भाग आहे, बाई! शिपायांना जेवायला तरी सोडाल की नाही?"

"मी एकटी चालले आठवडाभर," धाकटी हळूच पुटपुटली. "पाढे एकटीला येत नाहीत."

नऊ वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं. थोरलीने वाकून बुटाची नाडी आवळली आणि पुढचा पाढा सुरू केला.

आणि मग सातव्या आठवड्यातला तो मंगळवार! शिट्टी वाजली, दोघी सुसाट निघाल्या. माती उडत होती, बाकीच्या बायका दोन्ही बाजूंनी टाळ्या पिटत होत्या. पाढा सातचा होता.

"सात एके सात!" थोरली ओरडली.

धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता. घामाबरोबर डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं.

"सात एके सात! पुढे बोल की!"

"इंजेक्शन... मीच... विसरले!"

थोरली थबकली. पण शिट्टी कर्कश वाजली, "थांबायचं नाही! अजून चाळीस सेकंद!" आणि दोघी रडत, धापा टाकत तशाच धावत राहिल्या. लांबलचक सबबी सांगायला दम होताच कुणाला? जे निघत होतं ते खरंखुरं, तीन तीन शब्दांत निघत होतं.

"माहीत... होतं... मला!"

"बोलली... का... नाहीस?"

"तुझं... पोट... चिमणे!"

"तोंड... कसं... दाखवू?"

"वेडे... हेच... दाखव!"

तीन मिनिटं संपली तेव्हा दोघी मैदानाच्या मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. एकशे अडुसष्ट किलोंची ती मिठी सोडवायला शिट्टीबाईही पुढे आल्या नाहीत. द्वेष नव्हता तो... लाज होती! नऊ वर्षं धाकटी लाजेने मान वर करू शकली नव्हती, आणि थोरली तिला कृतघ्न समजत आली होती.

"मी बाबांना सांगणार, ताई."

"खबरदार! ऐंशीच्या घरात आलेत ते. या वयात हा धक्का कशाला? माझी शपथ आहे तुला."

धाकटीने मान हलवली, पण ती हो म्हणाली की नाही, ते थोरलीला कळलं नाही.

बाराव्या आठवड्यात निकाल लागले. थोरलीचं वजन चारच किलो उतरलं होतं. ती हिरमुसली. पण डॉक्टरीणबाई कागद नाचवत म्हणाल्या, "काट्याकडे काय बघता? साखर काठावरून मागे आलीय! रक्तातली धुमसही उतरलीय. आणि संथ चालणाऱ्यांचंही भलं झालंय हं, भांडू नका. कुणाच्या चालीने किती, ते अजून तपासायचंय आम्हाला." थोरलीने पिशवीतली स्वतःची मोजपट्टी काढून तिथेच कमरेला लावली. दोन इंच! ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली.

शेवटची चाचणी म्हणजे मैदानाला पाच फेऱ्या, घड्याळ लावून. घरच्यांना बघायला बोलावलं होतं. चौथ्या फेरीपर्यंत थोरली सगळ्यांच्या पुढे होती. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आणि वळणावर तिला कुंपणापाशी काठी टेकून उभे असलेले सासरे दिसले. शेजारी पुतणी होती, जिच्यासाठी तिने तो शब्द उच्चारला होता. ती आठ वर्षांची मुलगी उड्या मारून ओरडत होती, "मोठी काकू, पळ!"

थोरलीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हे कशाला आले? आपल्याला धाकटीबरोबर पाहून चारचौघांत काही बोलतील... तिने मान खाली घातली आणि वेग वाढवला.

"अहो आजोबा, आत येऊ नका! चाचणी चाललीय!" शिट्टीबाईंचा आवाज आला.

मागे काठीचा खटखट आवाज. तो जवळ यायचा, मागे पडायचा, पुन्हा जवळ यायचा. ऐंशीला टेकलेला माणूस तिच्यामागे धावायला बघत होता! तिने वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटी चालायची थांबून मागे वाटेतच हात जोडून उभी होती, आणि तिचा चेहराच सगळं सांगत होता. सकाळी घरून निघतानाच तिने शपथ मोडली होती.

"थोरले..." मागून धाप लागलेला आवाज आला. "चुकलो... गं!"

थोरली जागच्या जागी थांबली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारलेला तो माणूस! त्याच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बाबा, बसा आधी! असं पळतात का?"

"पाणी... दे... बाई!"

कमरेच्या बाटलीचं झाकण उघडेना, मग तिने ते दातांनी उघडलं. मास्तर घटाघटा प्यायले, निम्मं सदऱ्यावर सांडलं. बाटली रिकामी करूनच त्यांनी परत दिली.

"फेरी राहिलीय ना तुझी?" दम आल्यावर त्यांनी विचारलं. "चल. अर्धवट सोडायचं नाही."

त्यांनी तिचा दंड धरला. काठी, पाऊल, काठी, पाऊल. एकेक बाई त्यांना मागे टाकून पुढे गेली. थोरलीचा पहिला नंबर गेला, मग दहावा गेला, आणि शेवटी मैदानात ते दोघंच उरले. अर्ध्या फेरीवर तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय... नऊ वर्षांपूर्वी मशीनवर बसून म्हणायची तेच गाणं.

शिट्टीबाईंनी सवयीने शिट्टी ओठांना लावली, आणि मग गळ्यात सोडून दिली.

थोरली ओशाळून गप्प झाली. तशी मास्तरांनी तिचा दंड दाबला.

"थांबलीस का? म्हण, जरा मोठ्याने म्हण. तिला आवडायचं."