ईहीर : निकाल शून्य

निपाणीत वेबसाइटची कामं करणाऱ्या प्रणिताकडं ते काम आलं तेव्हा अगदी साधं वाटलं होतं. चिकोडी रस्त्यावरच्या एका गावात रायाप्पा गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक होते. बारा वर्षं त्यांनी ब्लॉग चालवला. कुणाच्या आज्जीनं तंबाखूच्या वखारीत जन्म कसा काढला, कुठल्या घरातलं लग्न मांडवातच कसं मोडलं, असलं सगळं त्यात होतं. गुरुजी जाऊन दीड वर्ष झालं, तरी माणसं अजून ब्लॉगवर यायची, आपल्या घराण्याचं नाव शोधायची. सापडायचं मात्र काहीच नाही.

"ते बोलायचे तसंच लिवायचे गं," गुरुजींच्या बायको तारामती आक्का म्हणाल्या. "विहिरीला ईहीर. लोक विहीर म्हणून हुडकत्यात, आन् ते म्हणतंय, काय न्हाय."

प्रणितानं ब्लॉगमधला मूळचा शोध, म्हणजे सर्चची पेटी, काढून नवा बसवला. त्याला विहीरही कळायची, ईहीरही. एकेक अक्षर टाइप होईल तसा तो निकाल दाखवायचा, आणि कुणी काय शोधलं याची नोंद ठेवायचा.

ती हे समजावत असताना गुरुजींचा धाकटा भाऊ नागेंद्र दारात येऊन उभा राहिला.

"सगळंच हुडकतंय व्हय? अण्णानं छापलं न्हाय ते बी?"

"न्हाय काका. छापलेलंच."

तो निघून गेला. पण तो प्रश्न प्रणिताच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला तिनं घरी नोंदी उघडल्या. नवा शोध अजून फक्त चाचणीच्या प्रतीवर होता. त्याचा पत्ता तिनं कुणालाच दिला नव्हता. तरी नोंदीत ओळी होत्या.

ई
ईही
ईहीर
ईहीर मोटार
ईहीर मोटार कुणी

निकाल शून्य.

दोन अक्षरांच्या मध्ये पाच-पाच सेकंद गेलेले. एका बोटानं, चष्म्यातून बघत बघत कुणी टाइप करावं तसं.

गुरुजी गाळ काढायला विहिरीत उतरले, मोटार सुरू झाली आणि पाण्यात करंट उतरून ते गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बटण कुणी दाबलं ते कुणी सांगत नव्हतं. पत्ता कुठून मिळाला कळेना, पण प्रणिताला वाटलं, नागेंद्रच चाचपून बघतोय, भावानं आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते.

पण तिसऱ्या दिवशी त्याच वेळी ओळ आली, 'नागेंद्र बटण'. नोंदीत खातं गुरुजींचं होतं आणि कम्प्युटर त्यांच्या घरातला.

तिनं स्कूटी काढली ती थेट त्या गावात.

गुरुजींचा कम्प्युटर माळ्यावर होता. चादरीत गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेला. गाठीवर धूळ साचली होती.

"ते गेले तवापासनं सोडलाच न्हाय बघ," आक्का म्हणाल्या.

नागेंद्र जेवत होता. प्रणितानं मोबाइल त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं वाचलं. हातातला घास तसाच राहिला. तो बघत असतानाच खाली नवी ओळ उमटू लागली... अक्षर अक्षर...

नागेंद्र खाली बघितलंस का



"न्हाय बघितलं," नागेंद्र मोबाइलकडं बघतच म्हणाला. "गेलेली लाईट आलती... मला वाटलं अण्णा वर आलाय. दाबलं बटण. मग सांगायचं धाडसच झालं न्हाय..."

स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. दिराकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नागेंद्र आपण होऊन पोलीस ठाण्यात जबाब देऊन आला. प्रणितानं नवा शोध खऱ्या ब्लॉगवर चढवला. आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. लोक आडनावं शोधत होते आणि त्यांना ती सापडत होती. तिलाही रात्री झोप लागू लागली.

नवव्या दिवशी दुपारी आक्कांचा फोन आला.

"पोरी, ती हुडकायची पेटी काढून टाक गं."

"का आक्का? चांगली चाललीय की."

"काढ म्हणते न्हवं. आत्ताच्या आत्ता."

आवाजात घाई होती. मागं पंख्याची घरघर ऐकू येत होती. प्रणितानं फोन कानाशी धरूनच नोंदी उघडल्या.

तारा
तारामती
तारामती हाक
तारामती हाक ऐकलीस
तारामती हाक ऐकलीस तरी गप

"आक्का..." तिनं विचारलं. "तुमच्यापाशी कोण बसलंय का?"

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग आक्कांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचे शब्द दुरून, अगदी हळू आले.

"थांबा वो... सांगते."

आक्का प्रणिताला नेहमी गं म्हणायच्या. वो म्हणायच्या त्या फक्त गुरुजींना.