दिवसाउजेडीचा नवरा

तिरुवातिरा, म्हणजे आमचा बायकांचा झोपाळ्याचा सण, त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. आंब्याला झोपाळा बांधला होता, आणि मी असा काही झोका घेतला की पाय थेट एका माणसाच्या खांद्यावर! साखळी, खुंट्या, टोपी... सगळ्यासकट बिचारा आडवा.

"लागलं का हो?" मी हसू दाबत विचारलं.

"मला नाही, सरकारला लागलं." तो धूळ झटकत उठला. "मोजणीची साखळी आहे ही. उतरा आता. वाटणीची रेघ ह्या आंब्याखालून जायचीय."

"रेघ पडेपर्यंत आंबा सगळ्या घराचा. म्हणजे माझाही. नाही उतरत, जा."

मग काय, झोका पुढे गेला की तो साखळी ओढायचा, मागे आला की थांबून बघायचा... एवढ्याशा कामाला त्याने अख्खी दुपार लावली. नाव अच्युतन. डोळे तर असे की – जाऊ दे, सांगत नाही.

नव्या कायद्याने आमच्या तरवाडाची वाटणी निघाली होती. तरवाड म्हणजे आईकडून लेकीकडे चालत आलेलं घर, कारभार तेवढा मामाचा. आमच्या मुली सासरी जात नाहीत. नवराच येतो, दिवेलागण झाल्यावर, आणि उजाडायच्या आत आपल्या आईच्या घरी परत जातो. माझे वडीलही तसेच आले नि गेले. मी त्यांना खडावांच्या आवाजावरून ओळखायची. उन्हात त्यांचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, आणि एके वर्षी त्यांचं येणंही थांबलं. तसा नवरा मला नको होता, अगदी नको होता.

मोजणी लांबली. का लांबली ते मामाला कळेना, अम्माला मात्र कळलं असावं. त्याला पाणी द्यायला ती मुद्दाम मलाच पाठवायची. एका संध्याकाळी तळ्याच्या पायरीवर अच्युतन हळूच म्हणाला,

"नदीपलीकडे दोन खोल्या बांधल्यात मी. तुला वस्त्र देतो, कार्तू... माझ्याबरोबर चल."

आमच्यात पुरुषाने बाईच्या हाती वस्त्र दिलं की लग्न झालं. माझं मन हवेत गेलं – आणि तिथेच अडकलं. त्याच्या घरात मी कोण? इथे मला 'ऊठ' म्हणणारं कुणी जन्माला आलेलं नाही.

"तुम्हीच या ना," मी म्हटलं. "पूर्वेची ओसरी आमच्या वाट्याला आलीय. दिवसाही राहा."

"बायकोच्या घरी, दिवसा? गाव हसेल. माझा मामा तर मला दारात उभा करणार नाही."

"मग राहू द्या," मी म्हटलं, आणि घरात येऊन खूप रडले.

त्याने साखळी गुंडाळली, गेला. किती दिवस मी आंब्याकडे बघायचंही टाळलं. मामाने दुसरं स्थळ आणलं, वयस्क, पुष्कळ शेतीचं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आणि मग एका भर दुपारी, सगळं घर अंगणात असताना, अच्युतन समोरच्या दाराने आत आला. हातात कोरं वस्त्र, बगलेत पत्र्याची पेटी. घाम नुसता निथळत होता.

मामाने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "अशा वेळी? आणि जाणार कधी?"

"जायला नाही आलो," तो म्हणाला. बोलत मामाशी होता, बघत माझ्याकडे. "गाव हसलं. हसून दमेल कधीतरी. हिच्याशिवाय मला करमत नाही."

मी मामाची परवानगी न घेताच वस्त्रासाठी हात पुढे केले.

दुसऱ्या पहाटे अम्माने जन्माच्या सवयीने मागचं दार उघडलं, जावयाला निघता यावं म्हणून. ऊन ओसरीत आलं तरी जावई हलेना. तळ्यावर निघालेल्या बायका कुंपणाशी खोळंबल्या. अम्माने त्याच्यापुढे पेज ठेवली आणि तो जेवेपर्यंत खांबाला धरून बघत राहिली.

"तुझ्या बापाला जेवताना मी एकदाही पाहिलं नाही गं," ती मला म्हणाली. मग डोळे पुसत गेली आणि मागचं दार लावून घेतलं.